मामांची बाटली

मामांच्या ऑपरेशन थिएटरात एक मोठी काचेची बाटली असे. झोपेचं औषध, दुखणं मारायचं औषध आणि टोचताना शीर झोंबू नये म्हणून द्यायचं औषध, मामा रोज सकाळी सगळं तिच्यात ओतायचे. दिवसभर येईल त्याला त्यातलंच टोचायचं. दुपारपर्यंत वर पिवळट तेलाचा तवंग येई. मामा बाटली हलवत आणि कौतुकाने पाहत.

मामा सर्जन, त्यांची भाची भूलतज्ज्ञ. बाटली दिसली की ती तोंड फिरवायची. काल एक शिंपी टेबलावर मध्येच चुळबुळला. त्याला फक्त झोप वाढवून हवी होती. पण झोपेच्या गळ्यात गळा घालून दुखण्याचं औषधही आत गेलं आणि शिंप्याचा श्वासच थांबला. तिने तोंडावर मास्क धरून, फुगा दाबून दाबून त्याला परत आणला.

"आला ना परत? मग?" मामा म्हणाले.

"एक वाढवायचं तर सगळीच वाढतात, मामा. वेगवेगळ्या सिरिंजमध्ये भरू या."

"इतक्या सिरिंजी धूत कोण बसणार?"

सिरिंजी धुतात, हे तिला तेव्हा कळलं. तिने जेवण टाकलं.

आज मामांचंच हर्नियाचं ऑपरेशन होतं, करायला बाहेरचे सर्जन येणार होते. मागून उघडा गाऊन घालून ते टेबलावर आडवे झाले आणि हळूच म्हणाले, "अगं, माझं मात्र वेगवेगळं भर हं. काळीज नाजूक आहे माझं."

"शिंप्याचं काय लोखंडी होतं?"

"वाद नको घालू. भर."

"कशातून? सकाळी तुम्हीच सगळं ओतून ठेवलंत." तिने बाटली त्यांच्या नाकासमोर धरली. तवंगावर एक चिलट पडलं होतं, गाढ झोपलेलं. "औषध लागू पडतं, एवढं मात्र खरं."

मामा टुणकन उतरले आणि गाऊन सावरत बाहेर पळाले. बाहेर स्ट्रेचरवर पुढचा पेशंट होता, एक बस ड्रायव्हर. तोही उठून चपला शोधू लागला.

"अहो, कुठे निघालात? साधी भूल आहे!" मामा त्याला म्हणाले.

"मग तुम्ही घ्या की आधी!"

मामांनी भाचीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. "ओत ती घाण," ते पुटपुटले. "नवी औषधं मागव. सुटी सुटी."

तिने ओतली. बेसिन घासघासून हात दुखले, तरी बुळबुळीतच.

"बाटली टाकू नकोस," मामा दारातून म्हणाले. "धुऊन ठेव. चांगली आहे."

तिने बाटली फरशीवर सोडली. खळ्ळकन काचा पसरल्या. मामा अनवाणी होते.

"आता अजिबात हलायचं नाही," ती म्हणाली आणि सावकाश झाडू आणायला गेली.