इस्त्रीचा प्लग

"तू दुकानात शिरशील आणि कुणाच्या तरी चुरगळलेल्या शर्टाला हात लावशील. लावशीलच!" सलूनवाला इस्त्रीवाल्यापुढे कात्री नाचवत म्हणाला. "लाव पैज."

"कशाची?"

"तुझ्या मिशीची. भर रस्त्यात, माझ्या खुर्चीत, माझ्या वस्तऱ्याने."

समोरच्या किराणावालीने टाळी वाजवली. झालं, पैज लागली.

गल्लीत इस्त्रीवाल्याला सगळे 'कडक' म्हणायचे. त्याने इस्त्री केलेली कॉलर माणसाला मान वळवू द्यायची नाही, म्हणून. हात मात्र भलताच वाह्यात. सुरकुती दिसली की पोचलाच. एकदा तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरच्या पाठीवरून त्याने तळहात फिरवला होता. इन्स्पेक्टर आधी दचकला, मग म्हणाला, "जरा खाली."

आज लेकीला लॅपटॉप घ्यायचा होता. कॉलेज सुरू झालं होतं आणि सगळा अभ्यास त्या डब्यातच. पैजेचा पंच म्हणून सलूनवालाही बापलेकीबरोबर निघाला.

जुन्या लॅपटॉपच्या दुकानातला विक्रेता फडाफडा बोलत होता. त्याचा शर्ट गाईने चघळून टाकल्यासारखा. कडकने दोन्ही हात खिशात कोंबले.

"काका, हा बघा. रॅम बघा, स्क्रीन बघा."

"वायर काढ."

"काय?"

"मागची वायर काढ. मग दाखव तुझा रॅम नि श्याम."

वायर निघाली आणि पडदा फटकन विझला. दुसऱ्याने जरा दम धरला, मग तोही गेला. तिसरा कुरकुरत गेला.

"जुन्याची बॅटरी अशीच असते, काका. घरी प्लगला लावून ठेवायचा. त्यात काय?"

घरीच तर घोडं अडलं होतं. खोली एक, प्लग एक, आणि दिवसभर त्या प्लगला इस्त्री. तिच्या जोडीला नुसता पंखा लावला तरी फ्यूज उडायचा, आणि फ्यूजच्या पेटीला घरमालकाचं कुलूप. इस्त्री थांबली तर खायचं काय? आणि चालू राहिली तर पोरीने शिकायचं कसं?

बॅटरी टिकणारे लॅपटॉप काचेच्या कपाटात होते. कडकने कपाटाकडे पाहिलं. विक्रेत्याने कडकच्या चपलांकडे पाहिलं.

"हप्त्याने देतोस?"

"पगाराचा कागद लागतो, काका."

"गल्लीत विचार कुणालाही. मी कडक आहे, कडका नाही."

सलूनवाला खो खो हसला. विक्रेत्याने मान हलवली. नाही म्हणजे नाही.

लेकीने पहिलाच लॅपटॉप पुढ्यात ओढला. "बाबा, हाच घेऊ. इस्त्री तापली की तुम्ही तिची वायर काढायची. ती गार होईपर्यंत मी माझी लावते. मग परत तुमची."

"तेवढ्यात काय होणार गं तुझं?"

"एखादं पान होईल की."

तिने हे घरूनच ठरवून आणलं होतं. काचेच्या कपाटाकडे पोरीने एकदाही पाहिलं नव्हतं.

कडकचा हात खिशातून निघाला, तिच्या बाहीवरच्या सुरकुतीवर फिरला, आणि सुरकुती बसली तरी फिरतच राहिला.

"गेली रे मिशी!" सलूनवाल्याने आरोळी ठोकली. मग कडकचं तोंड बघून आवाज खाली आणला. "जाऊ दे यार. घरचं माणूस पैजेत नाही धरत."

"धरतात. शर्ट तो शर्ट."

संध्याकाळी खुर्ची रस्त्यात आली. गल्ली गोळा झाली.

"आता तुला काय म्हणायचं रे, नरम?" किराणावाली ओरडली. हशा पिकला. कडकही फेसाआडून हसला.

त्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. इस्त्री कोपऱ्यात गार पडली होती. तिच्या प्लगला लॅपटॉप लावून लेक बसली होती. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर, आणि बोटं भराभर चाललेली. बाहेरच्या हशाकडे तिचं लक्षही नव्हतं.

सलूनवाल्याने वस्तरा टेकवला. "एका झटक्यात उडवतो बघ."

"झटक्यात नको," कडक ओठ न हलवता म्हणाला. "सावकाश. एकेक केस घे. मी उठलो की प्लग परत इस्त्रीला."

"आणि मिशी संपली की?"

"मग डोकं आहे."

सलूनवाल्याने वळून त्या दाराकडे पाहिलं. मग वस्तरा बाजूला ठेवला, ब्रश पाण्यात बुडवला आणि फेस पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतला.