नऊ व्होल्टचा सप्लाय

एक्क्याण्णव साली मी माझ्या धाकट्या भावाला, देवव्रतला, चोर म्हणालो. बाबांसमोर म्हणालो आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मोठ्याने म्हणालो. माझ्या आठ-बिट कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय घरातून गायब झाला होता आणि देव्याला पैशांची चणचण होती, एवढा पुरावा मला पुरला. तो बोरिवलीला राहायला गेला. दोन वर्षांपूर्वी आईच्या तेराव्याला आला, तेव्हाही मी तोंड फिरवून बसलो.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा, गंधालीचा, फोन आला. त्यांच्या कॉलेजात जुन्या मशीनांचं प्रदर्शन होतं. "काका, तुमचा कॉम्प्युटर चालू करून द्याल?" पोरीला नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर मला भाऊ हवा होता. मशीन चालू झालं की ते पोचवायच्या निमित्ताने त्याच्या घरी जाता येईल, असा माझा हिशेब. आपणहून गेलो असतो तर नाक खाली झालं असतं ना.

पण सप्लाय मिळता मिळेना. नऊ व्होल्टचे अडॅप्टर आमच्या मुलुंडात पैशाला पासरी, मात्र सगळ्यांच्या पिनेत प्लस आत आणि मायनस बाहेर. माझ्या मशीनला नेमकं उलटं लागतं. चुकीचा लावला की वाट लागली. घाटकोपरपर्यंत दुकानं पालथी घातली. एकाने "अंकल, नया कंप्यूटर ले लो" असा सल्ला दिला, त्याला मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. शेवटी स्टेशनजवळच्या रिपेरिंगवाल्या धम्मपालने एका अडॅप्टरची पिन कापून उलटी जोडली आणि चालवून बघायला तो स्वतः घरी आला.

टेबलाजवळचा प्लग पॉइंट मेला होता. "देवघरामागे एक आहे," माझी बायको वसुधा म्हणाली. "देवाचा दिवा त्यावरच आहे, आईंच्या वेळेपासून." मला हे ठाऊकच नव्हतं. देवघराच्या मागे हात घालणं आमच्याकडे पुरुषांचं काम नव्हे.

धम्मपालने मोबाइलचा टॉर्च मारला. जरा वेळाने म्हणाला, "काका, तुमचा सप्लाय तर इथेच आहे."

काळा, विटेएवढा, तेलकट धुळीने माखलेला. पिन छाटून वायरी दिव्याला जोडल्या होत्या. वरची अक्षरं मी धोतराच्या कापडाने पुसून वाचली: माझ्याच मशीनच्या कंपनीचं नाव. धम्मपाल खुर्ची पुढे करत होता. ती दिसत होती, पण बसायचं सुचत नव्हतं.

गंधालीला फोन केला. तिने तो आपल्या बाबाच्या, देव्याच्या, हातात दिला.

"सप्लाय सापडला," मी म्हणालो. "देवघरामागे. आईने..."

"माहितेय," देव्या म्हणाला. "आईनेच त्याच आठवड्यात मला दाखवला. नुसताच पडून आहे असं वाटून तिने इलेक्ट्रिशियनकडून दिव्याला जोडून घेतला होता."

"मग बोलला का नाहीस रे?"

"आईच सांगणार होती, दादा. पण मला चोर म्हणालास त्या दिवशी तू जेवणाचं ताट भिरकावलंस ना, तेव्हा ती घाबरली. मला म्हणाली, त्याला सांगू नकोस."

इतकी वर्षं मला वाटायचं, घरात माझा शब्द मोडत नाहीत, म्हणजे मला मान आहे. माझी आई मला भीत होती. मरेपर्यंत भीत होती.

"देव्या, मी येतो," कसंबसं म्हणालो. "आत्ता निघतो."

"ये ना," तो म्हणाला. "पत्ता आहे का तुझ्याकडे?"

नव्हता.