हिरवट झाक

आमच्या हिने मान हलवल्याशिवाय कारखान्यातून सुताची एक लडीसुद्धा बाहेर जात नसे. रंगवून वाळवलेली लडी उत्तरेच्या खिडकीत जुन्या नमुन्याशेजारी धरायची, दोन्हीकडे बघायचं, मग निकाल. मला, नवरा असूनही, रंगातलं ओ की ठो कळत नाही. माझं काम माल पाठवण्याचं, आणि चहा थंड मिळाला म्हणून कुरकुरण्याचं.

साठी उलटल्यावर हिला एकच घोर लागला. "अहो, माझ्यामागे हे टिकणार कसं? इथे सगळे होयबा! मी चुकले तर अडवणारं कोण आहे?"

म्हणून हिने सूनबाईला हाताखाली घेतलं. पोरगी हुशार, नजर तयार, पण सासूसमोर भिजलेलं मांजर. काही विचारलं की, "आई, तुम्ही म्हणाल तसं." की ही घरी येऊन माझ्यावर चरफडणार. जसं काही मीच तिला शिकवलंय!

परवा शाळेच्या गणवेशांसाठी निळं सूत तयार झालं. हिने लडी खिडकीत धरली, नमुना शेजारी घेतला आणि मान हलवली. रंगारी लडी उचलणार, तोच सूनबाई म्हणाली, "नाही आई. याला हिरवट झाक आलीये."

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. हिने पुन्हा निरखून पाहिलं. "मला तर ठीक वाटतंय."

सुनेचा आवाज कापत होता, पण लडी तिने घट्ट धरली होती. "तुम्ही रागावलात तरी चालेल. आपल्या नावानं हे सूत जाणार नाही."

रंगाऱ्याने दोन्ही लड्या दारात नेऊन पाहिल्या आणि चाचरत म्हणाला, "वहिनींचं बरोबर आहे."

ही पिशवी उचलून माझ्याबरोबर घरी निघाली. माझ्याच्याने राहवेना. "काय नाटक वठवलंस गं! पोरीची परीक्षाच घेतलीस. मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं."

ही रस्त्यातच थांबली. माझा दंड धरला.

"परीक्षा कसली, अहो? मला दोन्ही निळे सारखेच दिसले."

ज्या डोळ्यांच्या धाकात मी जन्म काढला, ते भरून आले होते. "उद्याच डॉक्टरकडे जाऊ," मी कसंबसं म्हणालो.

"जाऊ हो, जाऊ." रडता रडता ही हसत होती. "पण ऐकलंत ना तुम्ही? सगळ्यांसमोर तिने मला अडवलं. मला!"