एक वीत उंच

"एकशे दोन! एकशे दोन झालं!"

अतिदक्षता विभागाच्या दाराच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या बाईने आकडा पुकारला आणि तो बाकांवरून सरकत सरकत पार जिन्यापर्यंत पोहोचला. चपला उशाला घेऊन आडवे झालेले नातेवाईक उठून बसले. कुणी हात जोडले. एकीला तर रडूच फुटलं, आणि तिचा पेशंट दुसऱ्याच मजल्यावर होता.

आत, हिरव्या पडद्याआड, हातवाला उभा होता. नुसता हात धरून आजार उतरवतो, म्हणून हातवाला; त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भेटीच्या वेळेत तो कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी काका होऊन आत शिरायचा. आज तो दादा आणि धाकटी या भावंडांच्या आईचा मावसभाऊ होता.

"हिची शक्ती जमिनीत गळतेय," तो खर्जात म्हणाला होता. "जमिनीपासून तोडा हिला. माझ्या हाताच्या उंचीला आणा. अजून. अजून थोडी."

दादाने खाटेचं बटण दाबून धरलं. खाट घुरघुरत चांगली वीतभर वर आली. हातवाल्याने आईच्या छातीवर तळवा अधांतरी धरला, डोळे मिटले, आणि मॉनिटरवरचा चौऱ्याऐंशीचा आकडा चढू लागला. नव्वद. पंच्याण्णव. एकशे दोन.

धाकटीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिच्या अंगावर काटा आला.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "आता ते प्रेशरचं औषध बंद करायला सांग. डॉक्टरीणबाई तुझ्याशीच बोलतात."

"ते विष आहे, पोरी," हातवाला डोळे न उघडता म्हणाला. "बोटांतून बाहेर पडतंय, दिसत नाही का?"

दिसत होतं. आईची बोटं टोकांकडून काळी पडत चालली होती. जन्मभर शिवणकाम केलेली, काजं करणारी बोटं. मोडकी सुई तळपायात घुसली ती आईने अंगावर काढली, कारण गिऱ्हाइकं खोळंबली होती. पाय सुजला, ताप चढला, आई बरळायला लागली, तेव्हा कुठे तिला इथे आणलं. आणि आता बोटं.

"त्या आल्या की बोलते मी," धाकटी म्हणाली. तिने मनाशी ठरवलं होतं. औषध बंद.

संध्याकाळच्या फेरीला डॉक्टरीणबाई आल्या. धाकटीने एका दमात विचारलं, "बोटं त्या औषधानेच काळी पडतायत ना?"

"काही अंशी, हो."

धाकटीला वाटलं होतं, बाई नाही म्हणतील.

"जखमेतले जंतू रक्तात पसरलेत, ताई. त्यांच्याशी लढता लढता आईच्या सगळ्या रक्तवाहिन्या ढिल्या पडल्यात. नाडा सुटलेल्या परकरासारख्या. रक्त आहे, पण त्याला जोर नाही. हे औषध नाडा आवळतं. जंतू मारायचं काम अँटिबायोटिकचं, हे फक्त तोवर आईला धरून ठेवतं. आवळताना बोटांचं रक्त आणखी कमी होतं. बोटं जातीलही. पण औषध काढलं तर मेंदूला, किडनीला रक्त मिळणार नाही."

"पण आता प्रेशर चांगलं आहे ना? दुपारी एकशे दोन झालं होतं, अजूनही नव्वद आहे!"

बाईंनी मॉनिटरकडे पाहिलं. मग आईचा गुडघा चाचपला, तो गार होता. लघवीची पिशवी उचलून पाहिली. ती जवळजवळ रिकामी होती.

"आकडा चांगला आहे," त्या हळूच म्हणाल्या. "माणूस का वाईट दिसतंय मग?" आणि वळून, "सिस्टर, औषधाचा पंप कुणी कमी केला?"

"मी, मॅडम. आकडा वर गेला म्हणून डोस उतरवला. तुमचीच सूचना आहे."

बाईंनी दुसऱ्या दंडाला प्रेशर मोजायचा साधा पट्टा बांधला. पट्टा फुगला, सुस्कारा टाकत सैल झाला. एकाहत्तर.

धाकटी दोन्ही आकड्यांकडे आळीपाळीने बघू लागली. बाई मात्र खाटेकडे बघत होत्या. "ही एवढी उंच कुणी केली?"

त्यांनी आधी पंप वाढवला, मग खाट खाली घेतली. खाट उतरली तसा मॉनिटरवरचा नव्वदचा आकडाही उतरला, पट्ट्याच्या आकड्याजवळ येऊन थांबला. औषध पोचलं तसं दोन्ही आकडे मिळूनच वर सरकू लागले. मग बाईंनी स्टँडवरची काडेपेटीएवढी डबी काढून धाकटीच्या हातात दिली.

"आईच्या मनगटातल्या धमनीपासून इथपर्यंत ही पाण्याने भरलेली नळी आहे. प्रेशर ही डबी मोजते. डबी कायम हृदयाच्या पातळीला हवी. खाली न्या बरं."

धाकटीने हात खाली नेला. आकडा चढला. वर नेला. आकडा पडला. पुन्हा खाली. पुन्हा चढला. ना मंत्र, ना मिटलेले डोळे.

"खाट वर गेली, डबी स्टँडवरच राहिली. तुम्ही बघितलात तो वाढलेला आकडा नळीतल्या पाण्याच्या वजनाचा होता. आईचा नव्हता."

दादा पडदा धरून उभा होता. "मीच दाबलं ते बटण," एवढंच तो म्हणाला.

"मीही डबी बघायला हवी होती," सिस्टर पुटपुटल्या.

आईच्या किडन्या बंद पडल्या त्या पडल्याच. दोन दिवसांनी ती गेली. "त्या दुपारमुळेच का?" दादाने विचारलं. डॉक्टरीणबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "ती आधीच फार आजारी होती. पण त्या दुपारने तिचं नुकसान केलं, हे नक्की."

कागदपत्रं उरकून धाकटी बाहेर आली, तर बाकावर हातवाला बसलेला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, त्यांची बायको चार नंबरच्या खाटेवर.

"एकदा उचललं होतं मी तिला, साऱ्यांनी पाहिलंय," हातवाला सांगत होता. "मागाहून औषध वाढवलं यांनी. माझा काय इलाज?"

"वॉर्डबॉय म्हणून खाटा ढकलायचास ना तू?" धाकटीने विचारलं. "वॉर्डातल्या मावशी सांगत होत्या. जुन्या हॉस्पिटलात. तिथेच शिकलास ना हे?"

"पोरी, दुःखात माणूस काहीही बोलतं."

"मग चल, यांच्यासमोर कर. खाट जिथे आहे तिथेच ठेवून."

"अविश्वास असला की हात चालत नाही."

"पट्ट्याचा आकडा चढवून दाखव. पट्ट्याला विश्वास लागत नाही."

हातवाला उठला आणि कुणाला तरी शोधतोय अशा घाईने जिन्याकडे चालू लागला. कुणी त्याला अडवलं नाही. म्हातारे गृहस्थ त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

"पण ताई," ते म्हणाले, "दुसरं काय आहे हो आमच्या हातात?"

धाकटी त्यांच्या शेजारी बसली. "आत जाल तेव्हा आजींच्या पायाला हात लावून बघा, गरम आहेत का. लघवी होतेय का, ते विचारा. औषध कशासाठी, ते काय बिघडवू शकतं, हेही विचारा. उत्तर कडू असेल. माझ्या आईची बोटं जातील, असं मला तोंडावर सांगणारी एकच व्यक्ती होती, आणि खरं तीच बोलत होती. आणि कुणी चमत्कार दाखवलाच, तर आकड्याकडे बघू नका, काका. आजूबाजूला काय हललं, ते बघा."