दादाने कमिट न केलेलं काम

दादा मला शंकासूर म्हणायचा. सख्ख्या बहिणीला ठेवायचं नाव आहे का हे? पण माझा धंदाच शंका काढण्याचा, त्याला तो तरी काय करणार! आम्ही दोघं एकाच कंपनीत. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कामाचा इतिहास सांभाळणारं टूल आमची कंपनी बनवते. एखादा बदल पक्का झाला की तो कमिट करायचा, मग तो इतिहासात जाऊन बसतो आणि कधीही परत काढता येतो. दादा ते टूल लिहायचा आणि मी ते मोडून बघायचे. ऑफिसात भांडण, घरी जेवताना तेच भांडण पुढे चालू. वहिनी वैतागून ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची.

गेल्या वर्षी दादाच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. शब्द उरला एकच, "नको". चहा देऊ? नको, आणि कप स्वतःकडे ओढणार. खिडकी उघडू? नको, आणि खिडकीकडे तोंड करून बसणार. ज्याच्या तोंडाला कुलूप लागू दे म्हणून मी हात जोडायचे, त्याच्या एका टोमण्यासाठी आता जीव तळमळतो. डॉक्टर म्हणतात, त्यांना समजतं सगळं. समजतं तर बोल ना रे, म्हणून एकदा मी त्याच्यासमोर ढसाढसा रडले. तेव्हाही नकोच म्हणाला.

ऑफिसात त्याचं मशीन होतं तसंच होतं. अर्धवट काम कमिट करायचं नाही हा त्याचा हट्ट. "अर्धं कच्चं कुणी पानात वाढतं का?" असं म्हणायचा. त्यामुळे आजारी पडला त्या दिवशी तो जे लिहीत होता, ते जगात फक्त त्या एका मशीनवर होतं. दुपारी सगळे जेवायला गेले की मी त्याच्या खुर्चीत बसून ते वाचायचे. मध्येच त्याने लिहून ठेवलेलं असायचं, 'शंकासुराला हे पटणार नाही, पण इलाज नाही.' वाचलं की कानात त्याचा आवाज यायचा. त्या आवाजासाठीच मी तिथे जायचे, दुसरं काही नाही.

आणि मग घोटाळा झाला. कुणा शहाण्याने फार पूर्वी एका गिऱ्हाइकाचा पासवर्ड फाइलमध्ये लिहून ती कमिट केली होती. आता फाइल पुसून भागत नाही, कारण इतिहासात ती राहतेच. तिथपासून पुढचा सगळा इतिहासच नव्याने लिहायचा, आणि तोही प्रत्येक मशीनवर. आमच्या प्रमुखबाईंनी फर्मान काढलं, शुक्रवार संध्याकाळपर्यंत सगळं उरकायचं. जुन्या फोल्डरची अख्खी प्रत कुणीही कुठेही ठेवायची नाही.

इतिहास पुन्हा लिहिताना टूल मागे मागे जातं, जुन्या फाइली काढून मांडतं, दुरुस्त करतं आणि पुढे येतं. जेवायच्या टेबलावर कुणाचं शिवणकाम पसरलेलं असावं आणि आपण त्यावर ताटं मांडत सुटावं, तसला प्रकार. कमिट न केलेलं काम त्यात दडपून जाऊ नये, ही टूलची जबाबदारी. टूल ती पाळतं की नाही हे बघणं माझं काम, आणि या वेळी तर दादाचं मशीन पणाला लागलेलं.

मी हात धुऊन मागे लागले. खोटे फोल्डर बनवले, त्यात अर्धवट बदल करून ठेवले आणि टूल चालवलं. अर्धवट काम दिसताच ते थांबलं. नवी कोरी फाइल ठेवली, तरी थांबलं. काम चालू असताना मशीन धाडकन बंद केलं. पुन्हा लावल्यावर त्याने सगळं जिथल्या तिथे ठेवलं आणि सांगितलं, 'तुमचं काम सुरक्षित आहे.'

हे वाक्य मी घालायला लावलेलं, आणि त्यावरून आमचं केवढं वाजलं होतं! टूलचे सगळे निरोप पोलिसी थाटाचे आहेत अशी माझी तक्रार, आणि दादाचा राग 'सुरक्षित' या एका शब्दावर.

"सुरक्षित म्हणायला तू कोण गं? उद्याचं वचन देतेस? आहे म्हण. आहे ते आहे, पुढचं पुढे."

"माणसाला धीर नको का द्यायला?"

"खोटा धीर तुझा तू ठेव, शंकासुरा."

गुरुवारी संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. "टूलने जे बदल दाखवले ते मी वेगळे काढून ठेवलेत. उद्या तुझ्या मशीनवर चालवते. निश्चिंत राहा."

"नको," तो म्हणाला.

"बरं बरं." मी चहा पुढे केला.

"नको. नको!" या वेळी त्याने कप ओढला नाही, ढकलला. चहा सांडला. मग डाव्या हाताने कप उचलून टेबलाखाली जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे रोखून बघत राहिला. वहिनी फडकं घेऊन आली, तिने कप वर ठेवला. त्याने पुन्हा खाली ठेवला.

"काय पोरखेळ चाललाय!" वहिनी करवादली. पण मी त्या कपाकडेच बघत होते. दिसू नये अशा जागी ठेवलेलं काहीतरी. आमच्या टूलमध्ये अशी एक सोय आहे. या नावाच्या फाइलींकडे बघू नकोस, असं त्याला सांगून ठेवता येतं. मग बदलांच्या यादीत त्या दिसतच नाहीत.

"दादा, तू काही वगळून ठेवलंयस?"

"नको," तो म्हणाला, आणि टेबलाखालून कप काढून उरलेला चहा पिऊन टाकला.

सकाळी जाऊन आधी खोट्या फोल्डरवर तेवढंच तपासलं. एक फाइल वगळून ठेवली, मुद्दाम तिला इतिहासातल्या एका जुन्या फाइलीचंच नाव दिलं आणि टूल चालवलं. थांबलं नाही की विचारलं नाही. मागे जाताना त्याने जुनी फाइल माझ्या फाइलीवर आणून टाकली, पुढे येताना जुनीही उचलून नेली, आणि वर निर्लज्जासारखं सांगितलं, 'तुमचं काम सुरक्षित आहे.' माझी फाइल गेली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रमुखबाई म्हणाल्या, "अहो, वगळलेलं म्हणजे कचराच असतो. सगळेच तसं धरून चालतात."

"मॅडम, कचरा आपण वगळतो हे खरं. म्हणून वगळलेलं सगळं कचरा होतं का? माणूस दागिनेही लपवतो!" माझा आवाज चढला होता, सगळं ऑफिस बघत होतं. "मी याला पास म्हणणार नाही. हे सुधारल्याशिवाय कुठल्याही मशीनला हात लावू देणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाच्या रिकाम्या खुर्चीकडे. "सोमवारपर्यंत थांबू," त्या म्हणाल्या. "त्यांची फाइल आधी काढून घ्या."

दादाने खरोखरच एक फाइल वगळली होती. नाव होतं 'निरोप', आणि त्याच नावाची जुनी फाइल इतिहासात होती. टूल चालवलं असतं तर संपलंच होतं सगळं. उघडली. आत टूलचे निरोप होते, सगळेच्या सगळे त्याने माझ्यासाठी गुपचूप नव्याने लिहायला घेतले होते. 'जरा थांबा, टेबलावर पसारा आहे.' 'असं नाव सापडत नाही, चष्मा लावून बघा.' 'मागे जाताय? जपून जा.' मी तोंडावर ओढणी धरून हसत होते आणि रडत होते. शेवटचा निरोप अर्धाच होता. 'घाबरू नका, तुमचं काम'. पुढे काही नाही. तिथेच त्याचा हात थांबला होता.

सोमवारी टूल सुधारून आलं, इतिहास नव्याने लिहून झाला. बाईंनी मशीन घरी न्यायला परवानगी दिली. ते मी दादाच्या खोलीत लावलं आणि 'निरोप' उघडून ठेवली. तो बघत राहायचा, बस. वहिनी म्हणाली, "तू ऑफिसला गेलीस की डाव्या हाताने काहीतरी दाबत असतो हं." उगाच दाबतो की काही करतो? कळणार कसं? टूल बदल दाखवतं, पण आधीचं कमिट केलेलं असेल तरच.

आणि ते कमिट करायला माझा हात धजेना. कमिट केलं म्हणजे तो इतिहास झाला. बोलणारा, टोमणे मारणारा माझा दादा मागे ठेवून पुढे जायचं. मला तोच परत हवा होता, तसाच्या तसा. पण समोर बसलेल्या दादाचं काय? तो काही म्हणत असेल तर?

त्या तुटक्या वाक्याकडे मला बघवत नव्हतं. ते मीच पुरं केलं, 'घाबरू नका, तुमचं काम सुरक्षित आहे.' मग डोळे मिटून कमिट केलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन चप्पलही न काढता मशीनसमोर बसले. दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता. टूलला विचारलं, काय बदललं? त्याने दाखवलं, एक ओळ बदलली आहे. 'घाबरू नका, तुमचं काम आहे.'

'सुरक्षित' तेवढा नेमका खोडलेला. आगेमागे एक अक्षर हललं नव्हतं.

"वहिनी! अगं, धाव! भांडतोय गं हा माझ्याशी!"

वहिनी ओल्या हाताने धावत आली. मी दादाच्या खुर्चीशी जाऊन बसले. माझ्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्याच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला होता. भांडण जिंकला की पूर्वीही असाच जायचा.

"बरं, जिंकलास. आता हे कमिट करू?"

"नको," दादा म्हणाला, आणि डाव्या हाताने खुर्ची मशीनकडे ओढू लागला.