रुपेरी पांघरुणाखाली

मी मिरचीच्या बेडवर, म्हणजे शेतातल्या गादीवाफ्यावर, अंथरलेला मल्चिंग पेपर बोलतोय. नावालाच पेपर, आहे मी प्लास्टिकच. वरून रुपेरी, खालून काळा. रस्त्याने जाणारा कुणी "वा, काय झकास दिसतंय!" म्हणाला, की हल्ली मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारखान्यातून गुंडाळी होऊन निघालो तेव्हा काय माझा तोरा! तण उगवू द्यायचं नाही, ओल उडू द्यायची नाही, एवढं सोपं काम. इथे आलो त्या दिवशी या घरच्या सासूबाईंनी स्वतः वाकून ठिबकच्या नळ्या अंथरल्या. मुलगा म्हणाला, "आई, झाकायच्या आधी एकदा पाणी सोडून बघू या ना."

"मला शिकवतोस होय रे? तू रांगत होतास तेव्हापासून शेती करतेय मी!"

झालं! मला ताणून बसवलं, कडा मातीत दाबल्या.

कडेचा बेड नव्या सुनेने लावला. माझ्या एकेका भोकात रोप ठेवताना ती म्हणायची, "नीट राहा हं बाळा." मला आपलं हसू यायचं. पहिले काही दिवस रोपं आधीच्या ओलीवर तगली. मग बाकीच्या बेडना थेंबाथेंबाने पाणी मिळत गेलं, त्यातूनच खत मिळत गेलं आणि मिरची तरारली. कडेच्या बेडवर मात्र मी आतून कोरडा ठणठणीत. तिथली नळी सुरुवातीलाच दुमडून बसली होती. वर मी चकाकतोय, मग कुणाला काय दिसणार?

रोपं माना टाकायला लागली. मुलाने खत वाढवलं, तेही दुसऱ्याच बेडना मिळालं. सून तांब्याने पाणी घालायला गेली, तर सासूबाई कडाडल्या, "मुळं कुजवशील! आधीच तुझा हातगुण हा असला."

पोरीला ते खरंच वाटलं हो. परवा बांधावर नवऱ्याला सांगत होती, "दारातल्या कुंडीला तूच पाणी घालत जा. माझा हात नको लागायला." ऐकून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

काल सासूबाई एकट्याच वाळलेली रोपं उपटत होत्या. खुरपं लागून मी फाटलो आणि दुमडलेली नळी उघडी पडली. त्यांनी वाकून ती बोटांनी चाचपली. मला वाटलं, सुटलो! आता सुनेला हाक मारतील.

त्यांनी नळी सरळ केली. इकडेतिकडे पाहिलं. मग माझी फाटकी कड ओढली, त्यावर माती लोटली आणि हाताने थापली. मुलगा आला तेव्हा म्हणाल्या, "गेला सगळा बेड. हातगुण, दुसरं काय!"

त्यांनी मान वर केली नाही. मीही ती नळी झाकून पडून राहिलो. झाकायलाच जन्मलोय ना मी! किती लाज वाटावी एखाद्याला?

पोरी, इकडे आलीस तर ती थापलेली माती बाजूला कर. मला टराटरा फाड, अजिबात दयामाया नको. नळी सरळ केली तरी तिच्यावर दुमडीचा वळ अजून आहे, बघ. तुझा हात चांगला आहे गं.