भिंतीआडची ओल

वास पहिल्यांदा आयरीनला आला. फायली गावच्या समुद्रकाठी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, लावून तिसरा दिवस होता. पलंगाची गादी हवेला टाकावी म्हणून तिने ती उचलली, तर खालची बाजू गार आणि चिकट, त्यावर मिऱ्याएवढे काळे डाग.

"गॉर्डन! चहा ठेव खाली आणि इकडे ये."

तिचा नवरा गॉर्डन फर्थ याने कीथली शहरात एकतीस वर्षं बस चालवली होती. मार्चमध्ये तो निवृत्त झाला आणि निवृत्तीच्या पैशातून त्याने ही चार वर्षं वापरलेली कॅराव्हॅन घेतली. विकणारा मॉसली नावाचा माणूस होता, मोठा गोड बोलणारा. गॉर्डनने पलंगामागच्या भिंतीवर अंगठा दाबला. चहात बुडवलेल्या पावात जावा तसा अंगठा आत गेला! भिंतीचा कागद फाटला, आतून तपकिरी लगदा बाहेर आला आणि त्यातून बारीक किडे वळवळत गादीवर पडले. नुकताच खाल्लेला नाश्ता त्याने दाराबाहेर गवतावर ओकला.

दुपारी नेरिस आली. कॅराव्हॅन दुरुस्तीचं काम ती वीस वर्षं करत होती. हातातलं ओल मोजायचं छोटं यंत्र तिने भिंतीला लावलं.

"पंधराच्या आत आकडा असला तर झोपा निवांत. वीसच्या वर गेला तर काळजी करायची." तिने यंत्र गॉर्डनकडे वळवलं. "इथे अडतीस आहे. खिडकीच्या सांध्यातून पाणी शिरतंय, दोन वर्षं तरी. आतलं लाकूड संपलंय."

"पण घेताना तर भिंत टणक होती!"

"हा वरचा कागद बघा, बाकीच्या भिंतींपेक्षा नवा आहे. पातळ फळीही नवीन. स्क्रू अजून चकाकतायत. कुणीतरी सडलेल्यावर झाकण घातलंय, फर्थसाहेब. हे आपोआप होत नाही."

गॉर्डनला मॉसलीचं हसू आठवलं. सौदा ठरताना मॉसलीने खांद्यावर ठेवलेला हात आठवला आणि तो खांदा साबणाने धुवावासा वाटला.

"असू दे," तो म्हणाला. "पाणी शिरलं तर दहा वर्षांची वॉरंटी आहे. त्यानेच सांगितलं."

"सर्व्हिसची वही दाखवा."

वहीत पहिल्या वर्षाचा शिक्का होता, दुसऱ्या वर्षाचा होता. पुढची दोन्ही पानं कोरी.

"झालं तर मग," नेरिस हळू म्हणाली. "दरवर्षी कंपनीने नेमलेल्या कारखान्यात ओल तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. एक वर्ष चुकलं की वॉरंटी गेली. शिवाय मालक बदलला की ती मुदतीत नव्या नावावर करून घ्यायची असते. तुम्ही केली होती का?"

"करायची असते हेच मला माहीत नव्हतं."

"घेण्याआधी ही वही चाळायला पाच मिनिटं लागली असती. कुणीच चाळत नाही. सगळे पडदे बघतात."

गॉर्डनने मॉसलीला फोन लावला. "बघून घेतलीत ना? मग? कुक्कुलं बाळ आहात का?" एवढं म्हणून मॉसलीने फोन ठेवला. पुढे उचललाच नाही.

महिनाभर गॉर्डन जिथे जाई तिथे मॉसलीला शिव्या घाली. आणि मग एके सकाळी तो दुकानातून पातळ फळी, कागदाची गुंडाळी आणि लिंबाच्या वासाचा फवारा घेऊन आला. आयरीनने पिशवीत डोकावून पाहिलं.

"हे काय?"

"विकून टाकतो. माझ्याशी त्याने केलं तेच. सगळे हेच करतात, आयरीन. आपणच काय मठ्ठ म्हणून राहायचं?"

"त्या माणसाचं नाव काढलं की तू थुंकतोस. आता तुझ्या नावाने कोण थुंकेल ते बघायचंय का?"

"मी खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं तर खरं सांगेन."

"विचारू नये म्हणून तर फळी लावतोयस!" आयरीन कडाडली. "चोरी ती फळीच आहे रे! तोंडाने बोललास काय अन् नाही काय! मी त्याला हात लावणार नाही, आणि घ्यायला कुणी आलं तर चहाही करणार नाही."

गॉर्डनने एकट्यानेच काम उरकलं. काळी बुरशी खरवडताना त्याने नाकावर फडकं बांधलं होतं, तरी दोन दिवस जेवणालाही तोच वास येत राहिला.

शनिवारी विक्रीची जाहिरात वाचून डेनिज नावाची बाई तिच्या आईला घेऊन आली. आई, हिल्डा, ऐंशीची. तिचा जन्म लोकरीच्या गिरणीत गेला होता आणि दोन पायऱ्या चढताना तिची छाती वाजत होती.

"अगंबाई, किती टापटीप!" हिल्डा पलंगावर बसली, मग आडवीच झाली. "हा पलंग माझा हं, डेनिज. मला भिंतीला लागून झोपायला आवडतं." आणि तिने नव्या कागदावर गाल टेकवला.

त्या गालाच्या मागे काय आहे ते गॉर्डनला दिसत होतं. दोन बोटांवर!

"ओलबिल नाही ना हो?" डेनिजने विचारलं. "आईच्या छातीमुळे विचारते. आम्हाला यातलं काही कळत नाही."

विचारलं होतं. सरळ, स्पष्ट विचारलं होतं.

"छे हो, अगदी ठणठणीत कोरडी," गॉर्डन म्हणाला.

वाक्य किती सहज आलं! जीभ अडखळली नाही, की चेहरा हलला नाही. उलट तो हसला आणि त्याचा हात आश्वासन द्यायला डेनिजच्या खांद्याकडे निघाला. तो हात पाहून गॉर्डनला शिसारी आली. मॉसलीची आली होती त्याहून कितीतरी जास्त! मॉसलीला दूर ठेवता येत होतं, आणि हा हात तर त्याच्याच अंगाला लागलेला होता.

"उठा, आजी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "उठा तिथून आधी!"

त्याने फळीच्या कडेत बोटं खुपसली आणि सगळा जोर लावून ती उपटली. कागद टरकन फाटला. सडकं लाकूड, बुरशी, कुबट भपकारा, सगळं उघड्यावर आलं. हिल्डाने तोंडावर रुमाल धरला.

"मी खोटं बोललो. ही आत कुजलेली आहे आणि हिची वॉरंटीही गेलेली आहे. घेऊ नका."

डेनिजचा चेहरा लाल झाला. "माझ्या आईला तुम्ही यात झोपवणार होतात?"

"हो."

"किती दिवस माहीत होतं तुला?" हिल्डाने विचारलं.

"सहा आठवडे."

म्हातारीने तोंडावरचा रुमाल खाली घेतला. "बस चालवायचास म्हणालास ना मघाशी? माणसं सांभाळून नेलीस इतकी वर्षं. लाज वाटायला हवी."

दोघी निघून गेल्या. खरं बोलल्याबद्दल कुणी त्याची पाठ थोपटली नाही, आणि थोपटावी असं त्यात काही नव्हतंही.

तो पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळाने आयरीन हातमोज्यांचे दोन जोड घेऊन आली. "चल. तोडायला घेऊ," एवढंच म्हणाली. आठवडाभर खपून दोघांनी कॅराव्हॅन सुटी केली. लोखंडी सांगाडा भंगारात गेला. त्या वर्षी फर्थ कुटुंब सुट्टीला कुठेच गेलं नाही.

आता ओल मोजायचं यंत्र गॉर्डनने स्वतःच घेतलंय. ओळखीपाळखीत कुणी कॅराव्हॅन घ्यायला निघालं की तो सोबत जातो. पलंगाखालचे खण उघडतो, खिडक्यांचे कोपरे दाबतो, जमीन मऊ लागते का ते पाय रोवून बघतो, लिंबाचा वास जास्त आला तर नाक मुरडतो. शिक्क्यांची वही दाखवल्याशिवाय तो कुणाला बयाणा देऊ देत नाही. आणि परतताना आपली गोष्ट सांगतो. मॉसलीची नव्हे, स्वतःची.

वाचकहो, घेताना डोळे उघडे ठेवा, कागद वाचा, संकोच न करता विचारा. तो आपला हक्क आहे. पण एवढ्याने भागत नाही. आपण फसवले गेलो म्हणून दुसऱ्याला फसवायचा परवाना आपल्याला मिळत नाही. आपल्या वाट्याला आलेली घाण रंग लावून पुढच्याच्या दारात ढकलली, तर समाज आतून कुजायला किती वेळ लागेल? ती घाण आपल्यापाशीच थांबवायची. नुकसान होईल, होऊ द्या. निदान आपल्याच हाताची किळस तरी येणार नाही!